मागच्या सीटचा पट्टा

भुताला वस्तुमान नसतं, आणि ज्याला वस्तुमान नाही ते खुर्चीवर बसूच शकत नाही... हा माझा ठरलेला विनोद. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवते मी. दरवर्षी नवी पोरं, पण विनोद तोच, आणि पोरं दरवर्षी हसायची. लिंबू-मिरची, दृष्ट, बाहेरची बाधा, कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. घरात कोणी असलं काही काढलं की मी तोंडावर हसायचे. तुम्हीही हसणार असाल तर खुशाल हसा. पण तो विनोद मी आता करत नाही. का, तेवढंच सांगते.

माझा धाकटा भाऊ महेश. उदगीरला त्याची डाळमिल आहे. त्याला गाड्यांचा भारी शौक, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात. हैदराबादहून त्याने एक जुनी इटालियन गाडी आणली. कंपनीचं नाव घेत नाही, पण तुम्ही ओळखाल अशीच आहे. उदगीरच्या रस्त्यांवर ती गाडी म्हणजे नांगरलेल्या रानात पैठणी नेसून चालण्यासारखं. सगळी गल्ली बघायला आली. अव्वाने — आमच्यात आईला अव्वा म्हणतात — बॉनेटवर विभूती लावली, नारळ फोडला.

आणि त्या गाडीचे लाड तरी किती! पुढचं दार उघडलं की सीट आपोआप मागे सरकायची, उतरणाऱ्याला ऐसपैस जागा मिळावी म्हणून. दार लावलं की पुन्हा पुढे यायची. रिव्हर्स टाकला की आरसे माना खाली घालायचे. मिलसमोरची धूळ काचेवर बसली तरी पाऊस समजून वायपर सुरू व्हायचे. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. महेश म्हणायचा, "अक्का, गाडी लई शहाणी हाय." मी म्हणायचे, शहाणी नाही रे, अतिशहाणी आहे.

मग ती घंटी सुरू झाली. मागे कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही तर टिंग-टिंग वाजते ना, ती. फक्त मागच्या डाव्या सीटची. आणि त्या सीटवर कोणीच नसायचं.

यात घाबरण्यासारखं काय? सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो, तो बिघडला असेल. मी सुट्टीत गेले होते तेव्हा प्रयोगच केला. सीटवर पर्स ठेवली, काही नाही. स्नेहाची, म्हणजे भावजयीची, लॅपटॉपची बॅग ठेवली, काही नाही. दहा किलोची तूरडाळीची थैली ठेवली तेव्हा कुठे टिंग-टिंग. थैली काढली, बंद. म्हणजे सेन्सर उत्तम होता. महेशने हैदराबादला नेऊन कॉम्प्युटर लावून तपासून आणली, तिथेही दोष निघाला नाही. तरी दोन-चार दिवसांआड रिकाम्या सीटसाठी घंटी वाजायचीच.

यावर महेशने आपण सगळे करतो तेच केलं. रिकाम्या सीटवरूनच पट्टा ओढला आणि खटकन अडकवून टाकला. घंटी गप्प. किती जणांच्या गाडीत असा पट्टा कायम अडकवलेला असतो, बघा आठवून.

अव्वाला मात्र ते अजिबात रुचलं नाही. त्या वेळी स्नेहाला दिवस गेलेले होते. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे या वेळी घरात सगळे जपून बोलायचे, जपून चालायचे. सातव्या महिन्यात तिला माहेरी, नांदेडला पोचवायचं ठरलं. महेश आणि मी सोडायला निघालो. अव्वाने स्नेहाची ओटी भरली, दारापर्यंत आली, गाडीत डोकावली आणि तिची नजर त्या पट्ट्यावर थांबली.

"रिकामा पाळणा हलवू नये म्हनतेत, तसंच हे," ती महेशला म्हणाली. "रिकाम्या जागेला बांधू नको. बांधलं की बसलेल्याला वाटतंय, आपल्याला ठेवून घेतलं."

महेश म्हणाला, सोडला तर नांदेडपर्यंत घंटी ऐकावी लागेल. मीही त्याचीच री ओढली. स्नेहाला त्या बाजूला बसवू नका, असं मला हळूच सांगून अव्वा आत गेली.

सकाळची वेळ होती. महेश चालवत होता, मी त्याच्या शेजारी पुढे, स्नेहा मागे उजवीकडे. जळकोटला रसवंतीवर थांबलो. ऊन उजव्या अंगाने थेट स्नेहाच्या तोंडावर येत होतं, म्हणून ती म्हणाली, मी डावीकडे बसते. मी पट्टा सोडायला डावं दार उघडलं आणि थबकले.

मोकळ्या सीटवर अडकवलेला पट्टा पाठीला चिकटून सपाट असतो. आतली स्प्रिंग त्याला ओढून धरते. हा पट्टा सीटपासून चांगला वीतभर पुढे होता. वरपासून खालपर्यंत, फुगीर. कोणाच्या तरी अंगावरून गेल्यासारखा. मी मधल्या जागेत हात घातला... काही लागलं नाही. पण उन्हात उभ्या गाडीत तेवढीच हवा गार होती.

लाल बटण दाबलं. पट्टा झटकन आत गेला नाही. हळूहळू, घसरत घसरत गेला.

तुझ्या बाजूच्या काचेला ओढणी लावू, मी इथे बसते, तू माझ्या मांडीवर डोकं टेक, एवढंच स्नेहाला म्हणाले. मी त्या सीटवर बसले, पट्टा लावला. आता पुढची डावी सीट रिकामी होती.

गाडी जळकोटच्या बाहेर पडली आणि घंटी सुरू झाली. महेशने समोर पाहिलं, मग वळून माझ्याकडे. "अक्का, ही पुढच्या सीटची वाजायलीय," तो म्हणाला.

आणि ती पुढची रिकामी सीट मागे सरकू लागली. चालत्या गाडीत, दार बंद असताना. अगदी सावकाश, कोणीतरी उतरताना सरकते तशी. माझे गुडघे दाबले गेले तरी थांबेना. स्नेहा तिथे पाय वर घेऊन बसली असती तर ती सीट कुठे दाबली गेली असती, हा विचार आला आणि मी ओरडले. महेशने गाडी कडेला घेतली, धावत वळसा घालून पुढचं डावं दार उघडलं. आजूबाजूला नुसती काढणी झालेली रानं. आम्ही तिघेही त्या उघड्या दाराकडे बघत राहिलो. घंटी थांबली. महेशने दार लावलं, सीट गुमान पुढे गेली.

"उतरला," महेश म्हणाला. स्नेहा पोटावर दोन्ही हात ठेवून रडत होती आणि नांदेड येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. खरं सांगते, आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

पुढचं सगळं चांगलंच झालं. तपासणीत बाळ ठणठणीत निघालं आणि दिवस भरल्यावर मुलगी झाली. गौरी. महेशने गाडी आल्या भावात विकून टाकली. विकण्याआधी काही दिवस ती आमच्याकडे होती, पण घंटी पुन्हा एकदाही वाजली नाही. आम्ही सुटलो असंच समजलो. फक्त अव्वाला सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं होतं. "दार उघडलं तवा सून खाली उतरली होती, का आतच होती?" मी म्हटलं, ती उतरलीच नाही, गाडीतच होती. "मग तो उतरला कशावरनं?" म्हणत अव्वा देवघरात गेली.

गौरी आता तीन वर्षांची आहे. बडबडी, गोड, माझी फार लाडकी. सुट्टीत लातूरला येते तेव्हा माझ्या छोट्या गाडीतून फिरवते तिला. स्नेहा आणि ती मागे बसतात. गौरी मधोमध, स्नेहा उजवीकडे. आणि डावी जागा रिकामी असली की गौरी गाडी हलू देत नाही. त्या जागेवरचा पट्टा लावायला लावते. त्या दिवसाबद्दल तिच्यासमोर आम्ही कधी अवाक्षर काढलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी हट्ट धरला. नाही लावत म्हटलं, रडली तर रडू दे. ती रडली नाही. आईच्या कुशीत सरकली आणि शांतपणे म्हणाली, "आत्या, बांधला न्हाई तर तो माझ्या जागी बसतो."

स्नेहाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या गाडीत मागे सेन्सर नाही, घंटी नाही. तिथे कोणी आहे की नाही, हे मोजायचं साधनच माझ्याजवळ नाही. अव्वा म्हणते बांधलं की तो राहतो, पोरगी म्हणते सोडलं की तो तिच्या जागी येतो. इतकी वर्षं फिजिक्स शिकवून या दोन्हींतलं खरं कोणतं, ते मला सांगता येत नाही.

मी गाडीतून उतरले, डावं दार उघडलं आणि त्या रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून अडकवला. ओढताना तो मला जरा जास्तच लांब ओढावा लागला.