गोदाबाईंनी भीत भीत खाल्लेली पात

गोदाबाई नर्स कुठल्याही घरात शिरल्या की आधी पाणी मागत. प्यायला नाही, हात धुवायला. मग पोरांची नखं बघत आणि भिंतीला टेकून म्हणत, "थकली बापा मी. पन तुमची लेकरं माती खायले काही थकत नाई."

जुना प्रांत मोडून नवी राज्यं होत होती, त्या वर्षांत मी शाहपुरच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. गावोगाव फिरून जंतांचं औषध पाजायचं आम्हा दोघांकडे होतं. जंत नसले तर अन्न पचत नाही, अशी तिथल्या बायांची पक्की समजूत. भाजीचे वाफे मैल्याच्या सोनखतावर पोसलेले, आणि कांद्याची पात, मुळा भाकरीशी कच्चाच. त्यातल्याच एका गावच्या जनाबाईचा मुलगा आतड्यात जंतांचा गोळा अडकून गेला होता, तरी ती धाकट्या मुलीला औषध देऊ देईना. ती पोर बाईंच्या डोक्यातून जात नसे.

प्रत्येक घरी ताट पुढे येई. भाजी उकळत्या पाण्याने धुवा, असं सांगून घसा बसलेल्या बाई तीच न धुतलेली पात मुकाट खात. एकदा मी चिडलोच. त्या म्हणाल्या, "एखाद्या मायच्या ताटातलं मी नाई खाल्लं, तं माहं औषध तिचं लेकरू काहून पिईल?"

पुढे एका दुपारी केळीच्या बांधावर बाई उजवी बरगडी धरून खाली बसल्या. उलट्या झाल्या, डोळे पिवळे पडले. मोठ्या दवाखान्यात पोट उघडलं, तर पित्तनळीत वीतभर जंत शिरलेला.

दोन महिन्यांनी त्या परतल्या त्या तो जंत बाटलीत घेऊन. जनाबाईच्या ओट्यावर बाटली ठेवून म्हणाल्या, "हा माह्या पोटातला. यानं काही पचवलं नाई बाई, मलेच खात होता."

जनाबाईने बाटली उचलून उजेडात धरली. मग तिने मुलीला दंडाला धरून पुढे केलं. "द्या तिले दवाई."

पुढे नव्या राज्यांत कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि बाईंच्या वाट्याला नागपूर आलं. निघायच्या दिवशी जनाबाई शाहपुरपर्यंत चालत आली. फडक्यात भाकरी आणि पात होती. "धुयेल आहे, बाई. ऊन पान्यानं, तीनदा."

बाईंनी मोटारीत बसल्या बसल्या फडकं सोडलं, एक पात खाल्ली आणि रडू लागल्या. खिडकीशी मी उभा होतो. मला म्हणाल्या, "येवढी वर्षं भीत भीतच खाल्लं रे बापा."