न ढेकरणारा बोकड

हवामान सुधारावं म्हणून मागच्या वर्षी मी एक अख्खी दुपार आमच्या बोकडांचे ढेकर ऐकत बसले होते.

त्याचं असं झालं, राळेगावला शेळीपालनाचं शिबिर होतं. तिथले साहेब म्हणाले, जनावरं ढेकर देतात, त्यातून मिथेन वायू निघतो आणि जग तापतं. म्हणून कमी गॅस सोडणारे नर निवडून त्यांचीच पैदास वाढवायची. (गॅस मोजायचा कसा, हे त्यांनी चहानंतर सांगितलं. मी चहा घेऊन बस पकडली होती.)

आमच्याकडे दोन बोकड. काळ्याचा ढेकर अंगणात ऐकू यायचा. कबऱ्या मात्र त्या दुपारी गप्प. रवंथसुद्धा नाही. मान खाली घालून विचारवंतासारखा उभा. मी त्याला कुंकू लावलं आणि सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, काळ्याले विकून टाका. आता याचीच पिल्लं घ्याची."

मामाजींनी कबऱ्याकडे निरखून पाहिलं. "हा चारा काहून नाही खाऊन राह्यला?"

"संयमी आहे तो."

"अन् पोट काहून फुगून राह्यलं?"

"अंगानं भरला आहे."

घटकाभरात त्याची डावी कूस ढोलासारखी ताणली. तो कण्हत खाली बसला, तोंडातून लाळ गळायला लागली. मामाजींनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत मागच्या खोलीत कबऱ्यानं फाडून अर्धं खाल्लेलं सोयाबीनचं पोतं सापडलं.

डॉक्टरांनी कुशीवर टिचकी मारली. "पोटफुगी आहे. ढेकर अडकला याचा. अजून उशीर केला असता तर गेलाच होता."

"पण गॅस कमी आहे ना याचा?" मी विचारलं.

"कमी? सगळा आतच आहे, बाई. तो यंत्रानं मोजतात, कानानं नाही."

त्यांनी घशातून नळी घातली. डोकं मीच धरलं होतं, त्यामुळे कबऱ्याने साठवलेला सगळा मिथेन थेट माझ्या तोंडावर आला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, थोडं आनंदानं, बरंचसं वासानं. दिवस मावळताना तो रवंथ करू लागला.

आता घरी जेवायला आलेला पाहुणा ढेकर द्यायला लाजला, की मामाजी त्याला सांगतात, "मोकळा दे, बाप्पा. गप्प राह्यला तर आमची सून तुले पैदाशीले निवडून ठेवीन."

पाहुणे हसतात. मी खाली पाहून वरण वाढते.