पाराकडे तोंड केलेली खोली

आमच्या गावच्या शाळेत मुलींसाठी खोली बांधली, तिचा फोटो अजून लोकांच्या मोबाइलवर फिरतो. पाण्याचा नळ, आरसा, पॅड टाकायला झाकणाची बादली, आतून कडी. खोली खरंच चांगली आहे. फक्त तिचं दार गावच्या पाराकडे आहे, आणि पारावर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत माणसं बसलेली असतात.

दार तिकडे का, तर खोलीला पैसे देणाऱ्या पुढाऱ्याच्या आईचं नाव दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. ते रस्त्यावरून दिसलं पाहिजे.

मी बाजार करते. हसनाबाद, भोकरदन, जिथं आठवडी बाजार असेल तिथं पाल टाकून बांगड्या, टिकल्या, आतले कपडे, पॅडची पाकिटं विकते. सातवीत मला पाळी आली आणि माझी शाळा संपली. शाळेत आडोसा नव्हता, घरच्यांना तेवढं कारण पुरलं. त्यानंतर जे मिळवलं ते भांडून मिळवलं. जालन्याचे ठोक व्यापारी मला बघितलं की म्हणतात, "आली बाई, आता जेवण विसरा." म्हणोत. लेकीने पुढं शिकावं, माझ्यासारखं पालाखाली बसू नये, एवढ्यासाठी मी सगळ्या जगाशी घासाघीस केली.

लेक नववीत होती. खोली उघडल्यावर काही मुली गेल्या. बाहेर आल्या की पारावर कुणीतरी खाकरायचं. वर्गातली पोरं विचारायची, "काय गं, आज देवळात यायचं न्हाई वाटतं?" मुलींनी जाणं सोडलं. माझी लेक सकाळी पाणी पिईना. त्या दिवसांत घरीच राहू लागली. त्यात गणिताची चाचणी बुडाली, तेव्हा मात्र रडली.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. पुढारी तिथेच चहा घेत बसले होते.

"सर, दार मागच्या बाजूला घ्या."

"ताई, झालेल्या कामाला हात लावता येत न्हाई."

"मंग दारापुढं आडभिंत घाला."

पुढारी हसले. "वैनी, आडभिंत घातली तर आईचं नाव झाकतं की."

"तुमच्या आईचं नाव दिसावं म्हणून आमच्या लेकी पारावरच्यांना दिसायच्या का?"

"तुम्ही बांगड्यांचा भाव करा वैनी. हे तुमचं काम न्हाई."

मी सौदा अर्ध्यात सोडून येणारी नाही. रविवारी मिस्त्री घेऊन गेले. विटा माझ्या, सिमेंट माझं. डोक्याच्या वर जाईल अशी आडभिंत संध्याकाळपर्यंत उभी राहिली. मी कुणाला विचारलं नाही. सोमवारी मुख्याध्यापक ती बघून ऑफिसात निघून गेले. मला वाटलं, पटलं.

तो हिवाळा चांगला गेला. लेक तांब्याभर पाणी पिऊन घराबाहेर पडायची. शाळा बुडवायची नाही म्हणून तापातसुद्धा गेली.

सव्वीस जानेवारीला पुढारी पाहुणे घेऊन झेंड्याला येणार होते. आदल्या दुपारी भिंत पाडायला माणसं आली. आत कुणी आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. पोरींच्या खोलीला आपण हाक कशी मारायची, लाज वाटली, असं त्यांनी नंतर सांगितलं. हाक मारायची लाज वाटली, घण घालायची वाटली नाही.

लेक आत होती.

शाळा सुटून बराच वेळ झाला तरी ती घरी आली नाही. मी बाजारातून आले होते, तशीच शाळेकडे गेले. विटांचा ढीग पडला होता. पारावर नेहमीची मंडळी बसली होती. मी दार वाजवलं.

"आई, ते गेले का?"

"कोण?"

"सगळे."

पाराकडे वळून मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माणसं उठली. त्यातला एक जाता जाता म्हणाला, "आमच्यावर कामून चिडून राह्यली बाई? आम्ही नुस्ते बसल्तो."

कडी निघाली. लेकीच्या केसांत सिमेंटची धूळ होती. ओढणी तिने कमरेला गुंडाळली होती. घरापर्यंत ती पुढे चालली आणि मी तिच्या अगदी पाठीला लागून, मागून काही दिसू नये म्हणून.

ती परत शाळेत गेली नाही. मी ओरडले, समजावलं, नवा मोबाइल घेते म्हणाले. भोकरदनच्या शाळेत घालते, एसटीचा पास काढते, असंही म्हणाले. तिने विचारलं, "तिथं दार कुठल्या बाजूला हाय?" मी जाऊन बघितलं. तिथं दाराला कुलूप होतं आणि किल्ली शिपायाकडे. घरी येऊन मी पासाची गोष्ट सोडून दिली.

मुख्याध्यापक नंतर रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "भिंत विनापरवानगी होती ना ताई." तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. बोलणारही नाही.

आता लेक माझ्याबरोबर पालाखाली बसते. गेल्या बाजारात तिच्या वर्गातल्या दोघी गणवेशातच आल्या. एकीने हळूच पॅडचं पाकीट मागितलं. लेकीने ते पेपरात गुंडाळलं आणि तितक्याच हळू विचारलं, "गणिताचं कुठवर आलं?"

"त्रिकोणमिती चालू हाय. लय अवघड हाय गं."

"दाखव ना जरा."

त्या मुलीने दप्तरातून वही काढली. लेक आणि ती मालाच्या गोणीवर बसल्या. तेवढ्यात एक बाई माझ्या मागे लागली, डझनाचा भाव कमी करा, एवढा कुठं असतो का, शेजारच्या पालावर बघा. लेक वहीवर वाकून बोटाने ओळी वाचत होती. मी बोलले असते तर तिने मान वर केली असती आणि गिऱ्हाईक बघायला उठली असती. बाईने जो भाव सांगितला त्यालाच मी मान हलवली, आणि आवाज होऊ न देता बांगड्या बांधून दिल्या.