सवाशिणीचा हात

भिलाईत पोलादाचा प्लॅंट उभा राहत होता त्या वर्षांत तिथली लाल धूळ कुणालाच सोडत नसे. ती साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसायची, पिठाच्या डब्यात शिरायची आणि लग्नाच्या पोरींच्या मानेवर, कोपरांवर तर बिऱ्हाडच करायची. पोरी आयांबरोबर रेजा, म्हणजे मजूरबाया, म्हणून कामावर जात, दिवसभर डोक्यावर मुरमाच्या पाट्या वाहत. मग एखाद्या रविवारी पाहुणे येत, सुपारी फुटे, आणि आईच्या एकदम लक्षात येई की लेकीचं तोंड उन्हानं पार करपून गेलंय. लगेच मजुरांच्या कॅम्पातल्या गिरजाबाईला निरोप जाई.

गिरजाबाई भंडाऱ्याकडची. नवऱ्याच्या पाठोपाठ ट्रंक आणि पाटा-वरवंटा घेऊन इथे आली. ट्रंक पुढे गंजली, पाटा मात्र कामी आला. उटणं करायला ती आपल्या आत्याकडे शिकली होती. मसुराची डाळ रात्रभर दुधात भिजवायची, सकाळी लोण्यासारखी वाटायची, त्यात सावलीत वाळवलेली संत्र्याची साल, आंबेहळद आणि चारोळी. गावाकडे चारोळी फक्त पाटलाच्या खिरीत पडायची. इथे जंगलाकडच्या बाया बाजारात मिठाच्या बदल्यात ओंजळभर देऊन जात, त्यामुळे गिरजाबाईचा हात सढळ झाला. लग्नाच्या पंधरवडाभर आधी ती नवरीला घरात बसवी, उन्हात पाऊल टाकू देत नसे, आणि रोज सकाळी तिचं अंग चोळी. चोळणं म्हणजे नुसतं फासणं नव्हे. लेप अर्धा वाळला की तळहातानं खालून वर असा ओढायचा की मळाच्या वळ्या निघाव्यात पण कातडी लाल होऊ नये. त्यात घाई करणाऱ्या बायांचा तिला भयंकर राग.

एकदा एका हौशी आईनं तिला न विचारता परस्पर कारभार केला. नवरा भट्टीच्या विटा लावायच्या कामावर होता, त्याच्याकडून विटा जोडायची पांढरी माती मागवली आणि मुलतानी म्हणून लेकीच्या तोंडाला थापली. ती अशी कडक वाळली की पोरीला रडायचं होतं पण तोंड हलेना. गिरजाबाईनं ताकाचे शिपके मारून ती माती सोडवली आणि आईला म्हणाली, "पोट्टी हाय वो थे, भट्टी नोहे." हे वाक्य पुढे कॅम्पात सहा महिने फिरत होतं.

तर अशी ही बाई. कामात वाकबगार, बोलण्यात तिखट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या कुंकवातच सगळी गोम होती.

उटणं कुणीही वाटावं, पण नवरीच्या अंगाला हात लावायचा तो सवाशिणीनंच. नवरा हयात असलेल्या बाईचाच हात लागला पाहिजे, म्हणजे तिचं सौभाग्य पोरीच्या अंगी उतरतं. रांडावलेली बाई हळदीच्या मांडवात उभी राहिली तरी लोक नाक मुरडत. गिरजाबाईला हे लहानपणापासून ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते कवडू खाटेला खिळल्यावर.

कवडू म्हणजे तिचा नवरा. एका होळीला हातभट्टीची पिऊन घरी येताना तो नाल्यात कोसळला आणि कंबरेतून गेला. काम सुटलं. पाय लुळे पडले, तोंड मात्र दुप्पट चालू लागलं. आधी तो मारायचा, आता हात पोचत नव्हता म्हणून शिव्या द्यायचा आणि हाताशी असेल ते भांडं फेकायचा. गिरजाबाई त्याचं हगणं-मुतणं काढी, अंग पुसे, भाकर कुस्करून भरवी. लोक म्हणत, काय सेवा करते बाई नवऱ्याची. सेवा करण्यावाचून गत्यंतर नव्हतं हे फक्त दोघांना ठाऊक होतं, तिला आणि त्याला.

त्याला तर चांगलंच ठाऊक होतं. "मी हाय म्हून तुह्या हाताले इज्जत हाय," तो म्हणे. "मी मेलो का पाटा घेऊन बस कोपऱ्यात." तिला एखाद्या घरी हळद लावायला जायचं असलं की त्याला हटकून दारू हवी असे. नाही म्हटलं तर तो पांघरूण डोक्यावर ओढून श्वास रोखून पडून राही. ती हाक मारी, तो बोलत नसे. ती घाबरून पांघरूण ओढी, तर हा आतून दात काढून हसत असे. "काहून, पाचावर धारण बसली ना? मरू का आज? मंग जाय हळद लावाले."

रागाच्या भरात ती त्याच्या मरणाचा विचार करी आणि पुढच्याच क्षणी त्याच्या छातीवर हात ठेवून धडधड चाचपी. त्याचा तिरस्कार करावा तर तो जगायला हवा होता, आणि जगवावा तर हे असं. दोन्हीकडून दार बंद. एकदा शेजारच्या कांताला ती म्हणाली होती, "मी त्याइचं जेवण नाई रांधत वो, माह्यं कुंकू रांधते." कांताच्या डोळ्यांत पाणी आलं एवढंच.

एका वर्षी माघात चंपाचं लग्न निघालं. चंपा म्हणजे देवराव आणि मैनाबाईची लेक. देवरावला सेक्टरात, प्लॅंटच्या पक्क्या वसाहतीत, क्वार्टर मिळण्याआधी ही दोन्ही घरं कॅम्पात भिंतीला भिंत लावून होती, आणि चंपा गिरजाबाईच्याच अंगाखांद्यावर वाढली. गिरजाबाईला मूलबाळ नव्हतं. चंपाला हळद आपल्याच हातानं लागली पाहिजे ही तिच्या आयुष्यातली एकच हौस म्हणा, हट्ट म्हणा. सोयरे होते बोरसी गावचे, जुन्या वळणाचे. नवऱ्या मुलाच्या आईनं आधीच विचारून घेतलं होतं की हळद कोण लावणार, तिचा नवरा आहे ना.

"हाय ना," मैनाबाई म्हणाली होती. "खाटेवर हाय, पण हाय."

पंधरा दिवस गिरजाबाईनं चंपाला असं चोळलं की पोरीचा रंग निघालेला पाहून मैनाबाईला रडू आलं. चंपा अंग चोळून घेता घेता म्हणे, "मावशी, तुमच्या हातानं झोप येते." त्या शब्दांवर गिरजाबाई दिवसभर तरंगत असे.

हळदीच्या दिवशी ती पहाटेच उठली. न्हाली, ठेवणीतलं लुगडं नेसली, हळद वाटली, चहा केला. चहाचा गिलास तिनं कवडूच्या उशाशी ठेवला. तो पांघरूण डोक्यावर घेऊन पडला होता. रोज या वेळी त्याच्या शिव्यांनी अर्धी चाळ जागी व्हायची. आज आवाज नव्हता.

"चहा ठेवला," ती म्हणाली.

पांघरूण हललं नाही.

ती उभी राहिली. हात पुढे गेला आणि मधेच थांबला. ढोंग करतो आहे, ती स्वतःशी म्हणाली. आज चंपाची हळद आहे हे माहीत आहे ना, म्हणून मुद्दाम. पांघरूण ओढलं की हसेल, दारू मागेल. आणि हसला नाही तर? पुढचा विचार तिनं मनात येऊच दिला नाही. हळदीची वाटी पदराखाली घेतली, दार ओढून घेतलं आणि ती भराभरा चालू लागली. वाटेत तिला कुणीतरी हाक मारली, तीही तिनं ऐकली नाही.

मांडवात तिनं चंपाला हळद लावली. पायापासून गुडघ्यापर्यंत, खांद्यांना, मग गालांना. बाया गात होत्या. चंपानं डोळे मिटले होते. गिरजाबाईचे हात नेहमीसारखेच चालत होते. मैनाबाईनं तिची ओटी भरली, पाया पडली आणि म्हणाली, "तुह्यासारखं कुंकू माह्या पोरीले लाभू दे." गिरजाबाईनं ओटी पदरात घट्ट बांधली आणि ती घराकडे निघाली.

ती घरी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चहा तसाच होता, वर जाड साय धरलेली, तिच्यात माशी. तिनं पांघरूण काढलं. कवडू हसत नव्हता. तो लाकडासारखा कडक झाला होता, म्हणजे गेला तो पहाटेच, कदाचित त्याच्याही आधी.

ती खाटेच्या कडेला बसली. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. सुटले, असंही वाटलं नाही. डोळ्यांपुढे फक्त चंपाचे पिवळे गाल. आपण विधवा असताना तिला हळद लावली. हे बोरसीला कळलं तर मांडवातून वरात परत फिरेल, आणि कुणी त्या पोरीला पुन्हा विचारणार नाही. आणि माहीत नव्हतं म्हणावं, तर ते तरी खरं होतं का? माहीत करून घ्यायचं नव्हतं, एवढंच खरं होतं.

मग ती उठली. चहा मोरीत ओतला, गिलास घासला, त्यात पाणी भरलं. कवडूच्या ओठांवर चार थेंब सोडले, थोडं पाणी उशीवर सांडलं. प्लॅंटचा दोनचा भोंगा झाला तशी तिनं हंबरडा फोडला.

कांता धावत आली. तिनं कवडूचा हात धरला आणि दचकून सोडला. "लय थंडा हाय वो."

"कवापासूनच थंडे रायत होते हात," गिरजाबाई म्हणाली.

कांतानं तिच्याकडे एकदा पाहिलं. मग पदरानं कवडूचं तोंड झाकलं आणि पुरुषमाणसांना बोलवायला गेली.

तासाभरात मैनाबाई आली. धावत आल्यानं तिला धाप लागली होती. शोक करायचं सोडून तिनं आधी गिरजाबाईला कोपऱ्यात घेतलं. "कवा गेले भाऊजी? खरं सांगजो, माह्या पोरीचा सवाल हाय."

"मी घरी आली तवा जित्ते होते," गिरजाबाई म्हणाली. "पाणी मांगतलं. मी पाजलं. म्हणाले, चंपाले हळद लावली का? मी म्हटलं, लावली. तवा मान टाकली."

मैनाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं डोळे पुसले, आणि मग गिरजाबाईचा धरलेला हात हळूच सोडून दिला. "उद्या मांडवात नको येऊ वो," ती खाली बघत म्हणाली. "तुले तर समजतेच."

"समजते," गिरजाबाई म्हणाली.

संध्याकाळी बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. हातांची हळद मात्र जाईना. राख लावून पाहिली, विटेची कपरी घासून पाहिली. नव्या विधवेचे पिवळे हात बघून बाया गोऱ्यामोऱ्या झाल्या. शेवटी कांतानं तिचे हात तिच्याच पदराखाली झाकले.

चंपाचं लग्न दुसऱ्या दिवशी निर्विघ्न पार पडलं. तिचा संसारही बरा झाला. ती माहेरी आली की गिरजाबाईला भेटून जात असे, पण उभ्या उभ्या.

लोकांनी गिरजाबाईला वाऱ्यावर सोडलं असं मात्र नाही. तिच्यासारखं उटणं कुणाला जमत नव्हतं ना. पुढच्या लग्नसराईत निरोप आला, वाटून द्या, चोळायला दुसरी बाई आहे. मग ती लग्नघरी मागच्या खोलीत पाटा घेऊन बसू लागली. पलीकडे पडद्याआड नवरीला कुणीतरी घाईघाईनं फासत असे, उलट्या हातानं, आणि गिरजाबाईचे हात इकडे शिवशिवत. एकदोनदा ती आतूनच बोलली, "खालून वर वो, खालून वर." बायांनी ऐकल्यासारखं केलं.

त्यांना ऐकायचं असे ते दुसरंच. कवडूच्या मरणाची गोष्ट आता कॅम्पात आणि सेक्टरात सगळ्यांना ठाऊक झाली होती. बायकोच्या हातचं पाणी पिऊन, भाचीसारख्या पोरीची हळद विचारून मान टाकणारा नवरा. हळद चालली असली की कुणीतरी हमखास म्हणे, "सांगा ना वो गिरजाबाई, भाऊजी कसे गेले." नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा नाही म्हटलं की दुसरी विचारणार, काहून नाही? म्हणून ती सांगे. आधी पाण्याचाच घोट होता. मग कवडू तिचा हात धरू लागला. मग म्हणू लागला, लय केलं तू माह्यासाठी. बाया डोळ्यांना पदर लावत, आणि ती वरवंटा ओढत राही. ज्या माणसानं तिला जिवंतपणी एक बरा शब्द दिला नाही त्याला ती स्वतःच्या तोंडानं सोन्यासारखा करत होती, आणि थांबू शकत नव्हती.

एका वैशाखात कॅम्पातल्या हिरालालच्या लेकीची हळद होती. पोरगी कोवळी, सोळा-सतराची. तिचा होणारा नवरा पितो हे गिरजाबाईच्या कानावर आलं होतं. मैनाबाईनं सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की हात उगारतो. सकाळपासून गिरजाबाईच्या मनात होतं की पोरीला एकटी गाठून दोन शब्द बोलावेत, अजून वेळ आहे म्हणावं. पण बायांनी गोष्ट काढली. तिनं सांगितली, सवयीनं, अगदी हात धरण्यापर्यंत.

पडद्यापलीकडून त्या पोरीचा आवाज आला, हळदीनं ओठ ओढले गेल्यामुळे दबका. "मावशी, मले बी असाच नवरा मिळू दे म्हणा ना."

गिरजाबाईचा हात वरवंट्यावर थांबला. सगळ्या बायांच्या नजरा तिच्यावर होत्या.

"मिळंल, माय," ती म्हणाली, आणि वाटू लागली.