कंपनीची अब्रू

नोटीस आली त्या दुपारी मी शाळेच्या शर्टांना कॉलरी जोडत होते. पोस्टमनने दारातूनच सहीसाठी कागद पुढे केला. आमच्या घरी सही घेऊन मिळणारं टपाल आलं की ते जमिनीचंच असायचं, म्हणून मी लिफाफ्यावर सासऱ्यांचं नाव शोधलं. नाव माझं होतं.

मी बारावीपर्यंत शिकलेली. ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून निवडून आलेली, तीही बाईची जागा होती म्हणून. वाचता सगळं येतं. तरी पहिलं पान मी तीनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की आमचे अशील ही एक कायदेशीर व्यक्ती आहे, समाजात तिला मान आणि प्रतिष्ठा आहे, आणि तुम्ही भर गावासमोर खोटंनाटं बोलून तिची बदनामी केली आहे. पंधरा दिवसांत लेखी माफी मागा, नाहीतर फौजदारी होईल.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गहू निवडत बसल्या होत्या. माझं तोंड बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काय आलंय?"

"मी कोणाची तरी अब्रू घेतली म्हणून लिहिलंय."

"कोणाची घेतलीस ग?"

"कंपनीची."

"कंपनीला अब्रू असती व्हय?" असं त्यांनी खरोखरच्या कुतूहलानं विचारलं. मी कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं.

मी बोलले होते ते एवढंच. आमचं गाव जालन्याच्या बाहेर, लोखंडाच्या कारखान्यांच्या अंगाला आहे. गावाला लागून असलेल्या कंपनीला दुसरी भट्टी उभारायची होती आणि त्यासाठी ग्रामसभेचा ना हरकत ठराव पाहिजे होता. मी शिलाईकाम करते. पांढरं कापड धुऊन गच्चीवर वाळत घातलं की त्यावर काळी बारीक पूड बसते आणि झटकली की पसरते. मामंजींच्या मोसंबीच्या पानांवरही तीच. म्हणून ग्रामसभेला जाताना मी चार दिवस गच्चीवर ठेवलेला पांढऱ्या पॉपलीनचा तुकडा घेऊन गेले. तो उघडून दाखवला आणि म्हणाले, "ही पूड लेकरांच्या छातीत जात असंल. एका भट्टीची ही गत आहे. दुसरीची कशी असंल ते आधी सांगा, मंग ठराव घ्या." कोणीतरी मोबाईलवर ते काढलं. संध्याकाळपर्यंत ते पंचक्रोशीत फिरलं. ठराव त्या दिवशी पुढे ढकलला गेला, आणि मला, खोटं कशाला सांगू, थोडा गर्वही झाला होता.

नोटीस आल्यावर तो गर्व गेला. माझे यजमान त्याच कंपनीच्या गेटवर वजनकाटा सांभाळायचे, ठेकेदाराच्या हाताखाली. त्यांनी पत्र वाचलं, घडी घालून परत लिफाफ्यात ठेवलं आणि म्हणाले, "ठेकेदारानं सकाळीच सांगितलं, आठ दिवस येऊ नको म्हणून. मला वाटलं काम कमी आहे."

आमच्यावर कोणी ओरडलं नाही. भीती वाटायची ती त्यामुळेच. कोणी धमकी दिली असती तर पोलिसात जाता आलं असतं. त्याऐवजी कंपनीतून एका माणसाचा फोन आला, फार गोड बोलला. "ताई, वैयक्तिक काही नाही बरं का. तुमची मुलगी आठवीला ना? आमच्याच बेंचवर बसत असेल." शाळेतले बेंच कंपनीनेच दिले होते. पिण्याच्या पाण्याचं मशीन तिनेच बसवलं होतं, मारुतीच्या देवळापुढचा सभामंडपही तिचाच. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या फोननंतर मी मुलीला तीन दिवस शाळेत पाठवलं नाही. का ते तिला सांगितलं नाही. तुला ताप आहे, एवढंच म्हणाले, आणि तिच्या कपाळाला हात लावताना माझाच हात गार होता.

ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बाया कमी झाल्या. कोणी भांडलं नाही. एकीचा मुलगा कंपनीत होता, एकीच्या नवऱ्याचा ट्रक तिथं लागलेला होता. त्या रस्त्यात भेटल्या की पदर सारखा करत दुसरीकडे बघायच्या. त्यांचीही चूक नव्हती.

आत्याबाई म्हणाल्या, "जांबला जाऊन ये. समर्थांच्या गावात भीती ऱ्हात न्हाई." म्हणून मी जांब समर्थला गेले. देवळात बसले. भीती गेली नाही, पण दोन तास मला ओळखणारं कोणी नव्हतं, त्याचं बरं वाटलं.

मग मी आणि हे जालन्याला एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढला.

"मॅडम, मी कोण्या माणसाचं नाव घेतलेलं न्हाई," मी म्हणाले.

"घ्यायची गरजच नाही. कायद्याच्या लेखी कंपनी स्वतःच एक व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन असते, ती करार करते, कोर्टात जाते. तिची बदनामीही होऊ शकते, तसं कायद्यात आहे."

"मंग तिला मतदान आहे का?"

"नाही. मत फक्त हाडामासाच्या माणसाला."

मी विचारलं, "मत न्हाई, तर आमच्या ग्रामसभेत सगळे तिच्या मनासारखं कसं बोलून राह्यले?"

खिडकीकडे बघत त्या म्हणाल्या, "निवडणुकीला गावात गाड्या कोणाच्या फिरतात, बघितलंय ना तुम्ही?" बघितलं होतं. मी स्वतः निवडून आले तेव्हा आमच्या पॅनलच्या पत्रकांचा खर्च कोणी केला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते तिथं बसल्या बसल्या डोक्यात आलं.

येताना मी ह्यांना म्हणाले, "माफीच मागायची तर समोर जाऊन मागते. माणूस आहे म्हणतात ना." दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेले. गेटवरच्या वॉचमनने आत सोडलं. थंडगार खोलीत एका साहेबांनी चहा मागवला.

"साहेब, मी कोणाचं वाईट केलं असंल तर त्यांना भेटू द्या. मी पाया पडते."

ते अवघडले. "ताई, माझं काहीच म्हणणं नाही हो. मी पण नोकर माणूस. नोटीस वरून आली."

"वर कोण आहे?"

"वर म्हणजे मुंबईचं ऑफिस. लीगल डिपार्टमेंट."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"ते त्यांचं काम आहे." ते खरंच गोंधळले होते. "असं एक कोणी नसतं ताई. मालकही एक नाही, शेअरवाले हजारो आहेत."

चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरला होता. आमच्या गावात कितीही मोठा माणूस असो, त्याला आई असते, त्याच्या घरी लग्न असतं, तो आजारी पडतो. त्याच्या दारात बसता येतं. इथं रागावलेलं कोणीच नव्हतं आणि राग मात्र माझ्या घरापर्यंत आलेला होता. त्या खोलीत मला जशी भीती वाटली, तशी बाळंतपणातही वाटली नव्हती.

पुढची ग्रामसभा दोन दिवसांवर आली तेव्हा सरपंच घरी आले. माफीनामा टाईप करूनच आणला होता. "वहिनी, एक सही करा. सगळं मिटून जाईल. भाऊ उद्यापासून कामावर."

ते गेल्यावर हे म्हणाले, "सही कर. नोकरीचं मी बघून घेईन. पण तुला आरोपी म्हणून उभी बघायची ताकद न्हाई माझ्यात."

मी पेन हातात घेतलं. त्या कागदात लिहिलं होतं की कापडावरची पूड मी स्वतः लावून आणली होती. तेवढं एक वाक्य नसतं तर मी सही केली असती. हे मी आजही कबूल करते. पण स्वतःच्या हातानं स्वतःला खोटं ठरवायचं माझ्यानं झालं नाही.

ग्रामसभेला कंपनीचे साहेब पुढच्या खुर्चीवर होते, त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. ग्रामसेवकांनी ठराव वाचला आणि शेवटी म्हणाले, "सर्वानुमते मंजूर." मी खांबाला धरून उठले.

"माझा विरोध आहे. तो लिहा."

ग्रामसेवकांचं पेन थांबलं. सरपंच हळूच म्हणाले, "वहिनी, लिहिलंच पाहिजे का?"

"लिहिलं पाहिजे."

सगळं गाव खाली बघत होतं. मग बायांच्या बाजूनं आवाज आला, "माझा बी लिहा." आत्याबाई होत्या. त्या जन्मात कधी ग्रामसभेला आल्या नव्हत्या, आणि मी निघाले तेव्हा घरात दळण करत होत्या. मागोमाग मोसंबीवाले आणखी दोघे उठले. चारच नावं झाली. ठराव बहुमतानं मंजूर झाला. पण सर्वानुमते हा शब्द ग्रामसेवकांना खोडावा लागला.

फिर्याद दाखल झालीच. दुसरी भट्टीही उभी राहिली. हे आता गाळपाच्या दिवसांत अंकुशनगरकडे उसाच्या वजनकाट्यावर जातात, बाकीचे महिने मिळेल ते करतात. बाया हळूहळू शिवायला परत आल्या. एकीनं तर विचारलं, "तारीख कधी आहे? पोरीला माझ्याकडं ठेव त्या दिवशी."

तारखेला मी सकाळच्या एसटीनं जालन्याला जाते. अजून सवय झालेली नाही. आदल्या दिवसापासून जेवण जात नाही. कोर्टाचा शिपाई दारात येऊन पुकारा करतो, आधी कंपनीचं नाव, मग माझं. कंपनीच्या नावाला दर वेळी वेगळाच कोणीतरी वकिलासोबत उभा राहतो, हातात अधिकारपत्र घेऊन. गेल्या खेपेचा तर इतका नवा होता की त्यानं मलाच विचारलं, "मावशी, ह्या केसमधली आरोपी कोण आहे?"

मी सांगितलं, "मीच." मग आम्ही दोघं आत गेलो.