तळ्यात कार्प कोणी सोडले?

आमच्या प्लांटमध्ये एक स्क्रू खाली पडला तरी त्याचा रिपोर्ट त्याच दिवशी लिहावा लागतो. हृदयात बसवायच्या यंत्रांचे भाग बनतात तिथे, आणि मी क्वालिटीत आहे. 'झालं ते लिहून टाका' हीच आमची रोजीरोटी! याउलट आमच्या मासेमारी क्लबचं मिनिट्सचं रजिस्टर बघा. 'हवा बरी होती. चर्चा झाली.' संपलं! वर्षानुवर्षं हेच. मग जे खरोखर घडलं ते जाणार कुठे? ते माझ्या डोक्यात साचत जातं. घरी कुणी जेवायला आलं की मी सुरू होते आणि नवरा ताटं उचलायला लागतो.

*

मी या क्लबच्या गळाला कशी लागले ते आधी सांगते.

नागपूरहून मलिंगार या आयरिश गावात आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी संध्याकाळी चालायला जायची. गावाबाहेर एका शेतकऱ्याचं तळं आहे. नऊ लाकडी धक्के, कडेनं लव्हाळी, एका बाजूला पिवळी कमळं. एका धक्क्यावर सत्तरी ओलांडलेला एक माणूस स्टुलावर बसलेला. मी मागे उभी राहून बघत होते. मान न वळवता तो म्हणाला, "बस, नाहीतर पुढे जा. उभी राहिलीस की टेंच घाबरतात."

बसले!

तो डेस. आयुष्यभर पावाची व्हॅन चालवली आणि उरलेला सगळा वेळ या तळ्यावर काढला. टेंच म्हणजे शेवाळी रंगाचा, लाल डोळ्यांचा, बुजरा मासा. डेसचा जीव त्याच्यावर. त्याचं सामान म्हणजे एक काठी, पाण्यावर डुलणारा एक फ्लोट आणि डबाभर अळ्या. टेंच, रोच, ब्रीम, जो लागेल तो अलगद सोडवायचा, "हाऊ आर यू?" म्हणायचं आणि परत पाण्यात.

सहा महिन्यांनी न राहवून मी विचारलं, "तू खात का नाहीस हे?"

"चिखलाची चव लागते," डेस म्हणाला. "आणि आता ओळखीचे झालेत."

पुढच्या वर्षी मी सेक्रेटरी झाले. "हिच्याकडे लॅपटॉप आहे," एवढीच डेसची शिफारस. विरोध कुणाचाच नव्हता. अकरा जण हजर होते, त्यातले चार झोपले होते.

*

एक दिवस क्लबच्या नंबरवर मेसेज आला. 'हाय, किअरन हिअर. मला मेंबर व्हायचंय.'

इंग्रजी स्पेलिंग मी घाईत वाचलं, किरण! जीव इतका हरखला म्हणून सांगू! लगेच मराठीत लिहिलं, 'अरे वा! मूळचे कुठले?' उत्तर आलं, 'सॉरी?' मी म्हटलं, लाजतोय बिचारा. रविवारी पोह्यांचा डबा घेऊन तळ्यावर गेले.

समोर सहा फुटी, तांबूस दाढीचा इलेक्ट्रिशियन! हातगाडीवर तीन काठ्या, तंबू, पलंग, स्टोव्ह आणि माशांसाठी पिठाच्या घट्ट गोळ्यांची बादली. पोहे मात्र डबा पुसून खाल्ले. "सॅव्हेज!" म्हणाला. इकडे ते कौतुक असतं, हे मला नंतर कळलं.

मग त्यानं डेसला विचारलं, "यात कार्प आहेत म्हणे?"

"नाहीत," डेस म्हणाला आणि थर्मासमधून चहा ओतायला लागला. कप भरून वाहिला तरी ओततच होता. 

*

कार्प म्हणजे दांडगा, वजनदार मासा, आणि कार्पवाल्यांची रीत वेगळी. ते फ्लोटकडे बघत बसत नाहीत. काठ्या स्टँडवर ठेवायच्या, प्रत्येकीला एक अलार्म लावायचा आणि तंबूत आडवं व्हायचं. दोन-दोन दिवस एका माशाची वाट बघायची. मासा लागला की यंत्र वाजतं.

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं!

एका सकाळी डेस, मी आणि डेसचा मित्र नोएल ओळीनं बसलो होतो. नोएलच्या छातीत नुकतंच यंत्र बसवलेलं. अचानक बीप, बीप, बीप! माझ्या हातातली काठी पाण्यात गेली. अशी यंत्रं बिघडली की वाजतात, हे मला नको तितकं पक्कं माहीत. मी धावले आणि नोएलच्या छातीला कान लावला. डेसनं टोपी काढून छातीवर क्रॉसची खूण केली.

नोएल पांढराफटक. हळूच म्हणाला, "जे असेल ते खरं सांगा. मी मरतोय की मासा लागलाय?"

*

मग आला क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा रविवार.

किअरन आणि त्याचे चार दोस्त शुक्रवारीच येऊन बसले होते. तेही एव्हाना रीतसर मेंबर. नऊपैकी पाच धक्क्यांवर तंबू! आमचे म्हातारे सकाळी स्टुलं काखोटीला मारून आले आणि गेटपाशी उभे राहिले. कुणी आवाज चढवला नाही. इथे तशी पद्धतच नाही.

"ग्रँड," डेस म्हणाला.

इथे 'ग्रँड' म्हणजे 'ठीक आहे', आणि इतक्या वर्षांत मला या शब्दाचे सगळे प्रकार कळायला लागलेत. हा सगळ्यात वाईट प्रकार होता.

दोघा-तिघांमध्ये एक धक्का आणि बाकीचे लव्हाळ्यात, अशी स्पर्धा झाली. जो जिंकला त्याच्या गळाला बोटभर रोच लागला होता. बक्षीस द्यायला आम्ही जमलो आणि पलीकडे किअरनचा अलार्म वाजला. वीस मिनिटं झुंज चालली. वर आला तो कार्प. डेसच्या तळ्यात, जिथे तो नाहीच, तिथे! माझ्या मांडीएवढा जाड, पितळेच्या परातीसारखा चकचकीत.

किअरननं त्याला ओल्या गादीवर निजवलं, तोंडाला औषध लावलं, पाणी शिंपडत राहिला. पहिलं बाळ हातात घेतलेल्या बापासारखा चेहरा.

"हॉस्पिटलात माझी एवढी काळजी कुणी घेतली नाही," नोएल म्हणाला.

सगळे हसले. डेस हसला नाही. फोटो काढून किअरननं मासा परत सोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "शपथ, मी नाही आणला हा." मी विचारलंही नव्हतं.

*

त्या उन्हाळ्यात पाणी बदललं. आधी तळ दिसायचा, आता दुधाळ चहा! कार्प अन्न शोधत चिखल उकरतो, मुळं सैल होतात. कमळं एकेक करून तरंगत कडेला आली. मे गेला, जून गेला, टेंच एकही नाही. डेस रोज यायचा, फ्लोट टाकायचा आणि रिकाम्या हातानं जायचा. आता ओळखीचं कुणीच भेटत नाही, म्हणाला.

आणि तरी किअरनला वाईट म्हणायची सोय नव्हती! कुजलेले नऊही धक्के त्यानं दोन शनिवार खपून नवीन केले. सभेत उभं राहून म्हणाला, "रीतसर परवानगी काढू. कार्पचं तळं म्हटलं तर वीस तरुण उद्या येतील. नाहीतर पाच वर्षांनी इथे कोण असेल?" शेतकऱ्यानंही डेसला काही वर्षांपूर्वीच बजावलं होतं की डझनभर म्हाताऱ्यांसाठी तळं अडकवून ठेवणार नाही, गायींना पाणी प्यायला मोकळं करेन. म्हणजे कार्प राहिले तर टेंच जाणार, आणि कार्पवाले गेले तर तळंच जाणार!

मी घरी एक्सेलमध्ये रिस्कची यादी करायला घेतली. सिटीवेस्टच्या ऑफिसातून गाडी हाकून दमून आलेला नवरा मागून वाचत म्हणाला, "आपली मुलगी दहावीला असती तर तू इतकी काळजी केली नसतीस."

नियम मला माहीत होता. परवानगीशिवाय कुठल्याही पाण्यात मासा सोडणं इथे गुन्हा आहे. मत्स्यखात्याला ईमेल लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. तिसऱ्यांदा डोळे मिटून पाठवली आणि हात धुऊन आले, का कुणास ठाऊक.

डेसला सांगितलं. वाटलं, खूश होईल.

त्यानं फ्लोट ओढून घेतला. मग म्हणाला, "असं करायला नको होतंस गं."

*

त्याच महिन्यात भंडाऱ्याहून बाबा आले. निवृत्त होईपर्यंत ते सरकारी मत्स्यबीज केंद्रात होते. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांमधून माशांची पिल्लं न्यायची आणि गावोगावच्या तलावांत सोडायची, हे त्यांचं काम.

तळ्यावर नेलं तर त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि टाकून दिलं. "पोरी, यात सायप्रिनस आहे."

सायप्रिनस म्हणजे आपल्याकडचं कार्पचं सरकारी नाव. मी कार्पबद्दल काहीच बोलले नव्हते!

डेस आणि बाबांची गट्टी जमली. एकाला मराठी नाही, दुसऱ्याला डेसचं इंग्रजी कळत नाही. डेस हातानं टेंचची लांबी दाखवायचा. बाबा मान हलवून त्यांच्याकडच्या मरळची दाखवायचे. प्रत्येक वेळी दोघांचेही हात थोडे आणखी लांब व्हायचे!

एक दिवस परतताना गाडीत बाबा एकदम मामा तलावांबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या माजी मालगुजारी तलावांबद्दल, बोलायला लागले. "आपल्या मामा तलावाईत मीच सोडले सायप्रिनस. वरून हुकूम होता, मोठा मासा, लवकर वाढते. साहेबानं मले सर्टिफिकेट दिलं." त्यांनी काच खाली केली. "चार-पाच वर्षांनी एक ढिवरीण बाई तलावाच्या पाळीवर भेटली. म्हणे, साहेब, तुमचा मासा जाळ्याचा. आम्ही बाया हातानं बारीक मासोळी, झिंगे धरत होतो गवतात. आता गवतच नाही. आमची मासोळी कुठं गेली?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मोटारसायकलला किक मारली."

 ते सर्टिफिकेट भंडाऱ्याच्या घरी आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं होतं. मी लहानपणी ते फडक्यानं पुसायची.

*

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. खात्याची माणसं जाळी घेऊन आली, चौदा कार्प काढून नेले. अजून असतीलच, असं त्यांचं म्हणणं. किअरनचे दोस्त परवानगीच्या दुसऱ्या तळ्यावर गेले. किअरन एक रविवार तिकडे असतो, एक रविवार इकडे फ्लोट घेऊन. अलार्मशिवाय त्याला चैन पडत नाही, तोंडानंच बीप करतो. शेतकऱ्यानं एक वर्ष मुदत दिलीय. मेंबर आठ उरलेत. पाणी अजून गढूळच. टेंच दिसला का, हे मी डेसला विचारायचं सोडून दिलंय. खात्याच्या रिपोर्टात 'मासे कोणी सोडले' या रकान्यात 'अज्ञात' लिहिलंय.

आता त्या रिपोर्टाच्या आधीची सभा.

शनिवारी दुपारी चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये सगळे जमले होते. बाबांना घरी एकटं कुठे ठेवायचं म्हणून बरोबर नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. खात्यातून एक मध्यमवयीन बाई आली होती, शांत, सभ्य. तिनं जाळी कधी लावणार वगैरे सांगितलं आणि मग फाईल मिटली.

"मला कुणाला पकडायची हौस नाही," ती म्हणाली. "पण ज्यानं या तळ्यात कार्प सोडले तो इथे बसला असेल, तर त्याच्या तोंडून ऐकायला मला आवडेल."

खुर्च्या करकरल्या. किअरनकडे कुणीही बघत नव्हतं, आणि इतक्या जोरात बघत नव्हतं की तो कानापर्यंत लाल झाला. ईमेल माझी!  नोएलनं छातीवर हात ठेवला.

बाबांनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणते ती?"

"तळ्यात कार्प कोणी सोडले, विचारतेय," मी घाईत कुजबुजले.

बाबांनी हात वर केला.

"येस, सर?" बाई म्हणाली. सगळा हॉल वळला. मी त्यांची बाही ओढली. "बाबा, हात खाली घ्या! ती इथल्या तळ्याचं विचारतेय!"

"समजलं मले," बाबा म्हणाले आणि उभे राहिले. हात तसाच वर. "सांग तिले. मी सोडले. लोकायचं भलं होईल वाटलं होतं."

मी सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य फारच छोटं झालं. 

तेवढ्यात मागच्या रांगेतून खुर्ची फरशीवर घासत येत असल्याचा आवाज आला. डेस होता. त्यानं ती खुर्ची बाबांच्या शेजारी आणून ठेवली, टोपी काढून मांडीवर घेतली आणि बसल्या बसल्या स्वतःचा हात वर केला.