चवीचा शेरा

माझी पत्नी दिंडोरीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका होती. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजू लागली, त्यानंतरची ही गोष्ट. मुलांना वाढण्याआधी ती एका शिक्षकाने चाखायची, वहीत शेरा लिहायचा आणि सही करायची, असा नियम होता. ते काम तिच्याकडे होतं.

तिच्या गालातल्या गाठीवर किरणांचे उपचार झाले. गाठ गेली, पण जिभेची चवही गेली. शाळेत तिने हे कोणालाच सांगितलं नाही. रजा संपल्यावर ती पूर्वीसारखीच रोज चमचाभर खिचडी खाऊन "चव चांगली" असं लिहू लागली.

एका संध्याकाळी ती घरी आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. खिचडी करणाऱ्या मावशी त्या दिवशी मीठ घालायला विसरल्या होत्या. हिने शेरा लिहिला, मुलं पंगतीला बसली आणि पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मीठच नाय!" मावशी ओशाळून म्हणाल्या, "बाई, तुम्ही तर चाखली व्हती की."

"खोटी सही केली हो मी," ती मला म्हणाली.

रात्री जेवताना तिने विचारलं, "आमटी कशी झालीय?"

"छान."

तिने हातातला घास खाली ठेवला. "अहो, खरं सांगा."

"खारट आहे."

"आजच?"

"दिवाळीपासून."

होळी आठवड्यावर आली होती. "मला वाटायचं, निदान घरी तरी माझ्या हाताचा अंदाज शाबूत आहे," एवढंच ती म्हणाली. तिला जपतो आहे असं मी समजत होतो. माझ्या शब्दावर ती विसंबून होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मावशींना सगळं सांगून टाकलं आणि खिचडी त्यांनाच चाखायला सांगितली. "माझीच खिचडी आन् मीच पास करू? मंग लय भारी!" मावशी हसल्या. त्या दिवशी वहीत हिने लिहिलं, "मला चव कळत नाही. मावशींनी चाखली. मीठ बरोबर." मुख्याध्यापकांनी ते खोडायला सांगितलं. तिने खोडलं नाही.

घरी रोज आमटी उकळली की ती पळीतले चार थेंब माझ्या तळहातावर घालायची. मी म्हणायचो, "किंचित कमी," आणि ती चिमूट सोडायची. आता एकट्यापुरती आमटी करतो, तरी थेंब तळहातावरच घेतो.

त्या होळीनंतर काही वर्षांनी आजार उलटला आणि स्वयंपाक माझ्याकडे आला. तिची चव शेवटपर्यंत परतली नाही. तरी पहिल्या घासाला ती विचारायची, "कशी झालीय?"

"मीठ कमी आहे."

"मग घाला की," म्हणायची, आणि स्वतःची वाटीही पुढे सरकवायची.